आधी जेवा, मग स्कोअर

"ऊटा आतेन्री?"

फोन लागला की अण्णाचा पहिला प्रश्न हाच. जेवण झालं का? हुबळी-धारवाडात हे कुणीही कुणालाही विचारतं. पण अण्णा रेडिओवर, थेट कार्यक्रमात विचारायचा आणि उत्तर खरंच ऐकून घ्यायचा. दुर्गदबैलाच्या बाजारातला एखादा कापडवाला "कुठलं हो, गिऱ्हाईक आहे," म्हणाला की अण्णा त्याला स्कोअर सांगायचाच नाही. "आधी चार घास खाऊन या. मॅच कुठं पळून चालली नाही." फोन बंद. थोड्या वेळानं तोच माणूस पुन्हा फोन करून कबुली द्यायचा, "जेवलो हो अण्णा, पिठलं होतं. सांगा आता."

तुमच्यापैकी पुष्कळांनी त्याला ऐकलं असेल. नाव लिहीत नाही. पेपरात ते नको तेवढं छापून आलं. जे आलं नाही ते लिहायला बसलोय, आणि त्यातलं बरंचसं माझ्याबद्दल आहे.

त्या स्टेशनात मी ध्वनिमुद्रणाचं काम करायचो. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे तो. माझा डिप्लोमासुद्धा अर्धवट, पण तो मला "इंजिनियर" म्हणायचा, साहेब समोर असले की जरा जास्तच मोठ्यानं.

खेळाच्या बातम्या सगळेच सांगतात. अण्णा गावोगावच्या स्पर्धांचे निकाल सांगायचा आणि शेवटी राखीव खेळाडूचं नाव घ्यायचा. "आणि पाणी घेऊन पळत होता तो पोरगा नवलगुंदच्या चक्कीवाल्याचा बरं का." तो चक्कीवाला दुसऱ्या दिवशी जोंधळ्याचं पीठ घेऊन स्टेशनात हजर. अण्णानं ती पिशवी माझ्या हातात दिली. "बायकोला दे तुझ्या. माझ्या घरी भाकरी थापायला कोण बसलंय?"

त्याचा नाद आम्हा सगळ्यांना ठाऊक होता. आधी मॅचवर पैसे लावायचा, मग एकेका चेंडूवर. मग गोव्याला जायला लागला, कॅसिनोत. जिंकला की येताना काजू आणायचा. हरला की हात हलवत येणं त्याला जमायचं नाही, म्हणून धारवाडला बसमधून उतरून पेढे घ्यायचा. आम्ही डबा बघून निकाल ओळखायचो. "अण्णा, गोव्यातपण म्हशी पाळायला लागले वाटतं?" मी एकदा विचारलं. "खा गप्प," तो म्हणाला, आणि स्वतःही हसला.

हळूहळू काजू बंदच झाले. आम्ही पेढे खात राहिलो. हे आता लिहिताना कसंतरी होतं.

मग त्यानं क्रिकेटची स्पर्धा जाहीर केली. टेनिस बॉलची, खेड्यापाड्यांतल्या संघांसाठी, मोठा चषक, अंतिम सामन्याचं थेट वर्णन रेडिओवर. प्रवेशाचे पैसे त्याच्याच मोबाइलवर पाठवायचे. कुणाला शंका आली नाही, अण्णा म्हणतोय ना! कानडी जाहिरात त्यानं स्वतः केली. मराठी माझ्याकडून करून घेतली. "तुझा आवाज शाळामास्तरासारखा आहे," म्हणाला. "लोक ऐकतात मुकाट्यानं."

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात मी लाउडस्पीकरच्या वायरी मोजायला मैदानावर गेलो. रखवालदारानं मला वेड्यात काढलं. त्या दिवसांसाठी मैदान हस्तकलेच्या प्रदर्शनाला दिलेलं, बांबूसुद्धा येऊन पडले होते. अण्णाचं नाव कुणी ऐकलंच नव्हतं. म्हणजे कार्यक्रमात ऐकलं होतं, पण मैदानासाठी त्याचा अर्ज कुणाकडे आलाच नव्हता.

मी तसाच स्टेशनात आलो आणि दार लावून घेतलं.

"पैसे कुठं आहेत?"

"येतील."

"गोव्यात घालवलेस?"

त्यानं समोरचे कागद सरळ केले. मग म्हणाला, "सगळे नाही."

"मी जाहिरात थांबवतो."

"थांबव. मग उरलेले संघ येणार नाहीत. आणि आलेल्यांचे पैसे परत कुठून देऊ, सांग. आठवडाभर चालू दे, इंजिनियर. एक डाव सरळ पडला की सगळं जागेवर येतं."

मी जाहिरात थांबवली नाही. दोस्तीखातर, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. खरं म्हणजे मी घाबरलो. मैदानाची परवानगी बघितल्याशिवाय अशी जाहिरात वाजवायची नाही, ते बघणं माझं काम, आणि मी बघितलं नव्हतं. ती थांबवली असती तर साहेबांनी पहिला जाब मला विचारला असता. म्हणून आठवडाभर रोज, बातम्यांनंतर, मी माझाच आवाज लावत राहिलो. "आजच नाव नोंदवा."

स्पर्धेच्या सकाळी टेम्पो भरभरून संघ आले. नवे शर्ट, पाठीवर गावाचं नाव. मैदानात प्रदर्शनाचा मांडव. मला वाटलं होतं अण्णा पळून गेला असेल. तो रिक्षातून उतरला, सरळ गर्दीत शिरला, आणि तोंडातून काय निघावं? "ऊटा आतेन्री?" कुणीतरी बॅट फेकून मारली. कपाळ फुटलं. पोलीस आले ते त्याच्यासाठी बरंच झालं.

चौकीत आम्ही शेजारी-शेजारी बसलो होतो. मला विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? मी म्हणालो, "कल्पनाही नव्हती." अण्णानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "त्याला काय कळतंय साहेब? तो नुसती बटणं दाबतो." इतकी वर्षं इंजिनियर म्हणणारा माणूस मला अडाणी ठरवून सोडवत होता. आणि मी सुटलो.

त्याला जामीन राहायला मात्र अख्ख्या गावातून कुणी आलं नाही. मीही नाही.

मला साक्षीदार केलं होतं. कोर्टाच्या तारखांना कलघटगीकडचा एक टेम्पोवाला यायचा, तिथल्या एका संघाचा कप्तान. त्यानं मला आवाजावरून ओळखलं. "तुमीच न्हवं जाहिरातीतले? तुमालापण फसवलं की हो त्यानं." दर तारखेला तो मला बळेच चहा पाजायचा, वर गिरमिट घ्यायला लावायचा. मी म्हणे त्याच्यासारखाच फसलेला! तो चुरमुऱ्यांचा तिखट घास घशाखाली ढकलत मी मान डोलवायचो.

माझ्या साक्षीच्या दिवशी चहाचा पेला त्यानं पुढे केला तेव्हा मी हात मागे घेतला. "मला ठाऊक होतं," म्हणालो. "मैदान नाही, पैसे गेलेत, सगळं. शेवटचा आठवडा मी जाणूनबुजून जाहिरात लावली."

तो पेला धरून तसाच उभा राहिला.

"आमी त्याच आठवड्यात पैसे भरले सर," तो म्हणाला. "पोरं नको म्हणत हुती. मीच म्हटलं, अजून लागतीया की रेडिओवर, म्हणजे खरंच असणार." मग त्यानं पेला बाकावर ठेवला. "आत जाऊन सांगा. मला सांगून काय उपेग?"

मी आत सांगितलं. माझा आवाज कुठंही अडखळला नाही, ते ऐकून माझं मलाच नवल वाटलं. सरकारी वकिलांनी प्रश्न पुन्हा विचारला, मी उत्तर पुन्हा दिलं. नोकरी त्याच आठवड्यात गेली. आता मलाही नोटीस आली आहे. कमरीपेठेत एका दुकानात मी बिघडलेले स्पीकर दुरुस्त करतो आणि मला झोप लागते.

पण त्या दिवशी साक्ष देऊन बाहेर आल्यावर व्हरांड्यात अण्णा भेटला. शेजारी पोलीस. केस पुष्कळ पिकलेले, कपाळावर बॅटीचा वण. मला वाटलं होतं, तो समजून घेईल. कदाचित पाठीवर हातसुद्धा ठेवेल.

"गाढवा," तो म्हणाला. इतका राग मी त्याच्या आवाजात कधी ऐकला नव्हता. "जो माणूस जवळ आला तो माझ्यापायी बुडाला. एकट्या तुला वाचवला होता. जेलमध्ये तेवढीच एक गोष्ट होती माझ्याजवळ."

"तुझी चूक होती अण्णा," मी म्हणालो. "मी वाचलो नव्हतो."

तो ऐकत होता की नाही, कोण जाणे. पोलिसानं दंडाला हात लावला तसा तो चालायला लागला. जिन्याच्या तोंडाशी थांबला. वळून काही बोलेल, म्हणून मी दोन पावलं पुढे गेलो. त्यानं वाकून चपलेचा अंगठा नीट केला, कठड्याला धरलं आणि खाली उतरला.