रिकाम्या जीपला थरथर नव्हती

वरकुट्याच्या तात्यांची जीप तिसऱ्यांदा आमच्या वर्कशॉपच्या दारात आली, तेव्हा सर्व्हिस मॅनेजर गायकवाड साहेबांनी माझ्याकडे बघून हात जोडले.

"इंजिनिअर साहेब, तुमचं गिऱ्हाईक आलं. आता तुम्हीच बघा."

ही नव्वदीतली गोष्ट. बारामतीच्या त्या वर्कशॉपमध्ये मी नुकताच लागलो होतो. मी कोऱ्हाळ्याचा. आमच्या घराण्यात डिग्री घेतलेला पहिला माणूस. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मला त्याचा अभिमान आहे आणि तो लपवायचं कारण मला कधी सापडलं नाही.

तक्रार एका ओळीची होती. रेस दिली की गाडी थरथरते. रेस म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबणं. पहिल्या खेपेला आम्ही चाकांचं बॅलन्सिंग केलं. दुसऱ्या खेपेला प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस बदलले. प्रोपेलर शाफ्ट हा गाडीखालचा लांब दांडा, इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा. क्रॉस म्हणजे त्याच्या टोकांचे सांधे, आपल्या मनगटासारखे वळणारे. दोन्ही वेळा गाडी भिगवण रोडला पळवून बघितली होती. काही नाही. आज तात्यांना शेजारी बसवून मीच पळवली. तरी काही नाही.

"तात्या, कुठं हलतीय?"

"हितं न्हाय हलत. गावाकडंच हलती."

"बारामतीची हवा मानवती तिला," वॉशिंगवाला मागून बोलला. सगळे हसले. तात्या हसले नाहीत.

"साहेब, हसायचं काम न्हाय. आमच्या गावच्या पोरी ह्याच गाडीनं इंदापूरला कॉलेजात जात्यात. यष्टी येती ती कॉलेज सुटायच्या टायमाला. काल बायका दारात आल्या. म्हणल्या, गाडी नीट झाली न्हाय तर सोमवारपास्नं आमच्या पोरी बसणार न्हायत. त्यात माझी थोरली बी हाय, बारावीला."

"मग दुसरी गाडी बघायची," मी म्हणालो.

"दुसरी कुठली आणू? पोरी एकदा घरी बसल्या की बसल्या. मग पुढं काय हुतं ते तुमाला ठाव हाय."

मला ठाऊक होतं. माझी बहीण सातवीनंतर घरी बसली ती गाडीची सोय नव्हती म्हणूनच. अभ्यासात ती माझ्यापेक्षा पुढे होती.

"क्रॉस परत बदलून टाक," गायकवाड साहेब म्हणाले.

"नवा क्रॉस कशाला बदलायचा, साहेब? उद्या मी वरकुट्याला जाऊन बघतो."

"जा. डबा घेऊन जा पण. तिकडं तुला कोण टेस्ट ड्राइव्हला जेवण घालणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर तात्यांच्या अंगणात लावली आणि जीप बघून थांबलोच. ही आम्ही बघितलेली जीप नव्हतीच. मागे दोन्ही बाजूंनी लांब बाकं. बाकांवर दाटीवाटीनं पोरी, मांडीवर दप्तरं. टपावर डेअरीला जाणाऱ्या दुधाच्या भरलेल्या किटल्या.

"तात्या, ही बाकं कुठून आली?"

"माझीच हायेत की. वर्कशॉपला येताना काढून ठिवतो."

"का?"

"का म्हंजे? डाक्टरकडं जाताना माणूस अंघुळ करून, धुतलेली कापडं घालून जातो का न्हाय? तसं गाडी धुतो, बाकं काढतो, किटल्या उतरवतो. तुमी माणसं खाली झोपून काम करता. घाण गाडी कशी पुढ्यात लावायची?"

आमच्याकडे तात्यांच्या गाडीचं कायम कौतुक व्हायचं. इतकी स्वच्छ, रिकामी, हात घालायला सोपी गाडी दुसऱ्या कुणाची नसायची.

मी पुढं बसलो. गाव संपलं, तात्यांनी तिसरा गिअर टाकला आणि रेस दिली. पायाखालचा पत्रा झणझणायला लागला. सीट थरथरली. वर किटल्यांची झाकणं वाजायला लागली.

"बघा सर! दात वाजत्यात माझं," मागून एक पोरगी ओरडली.

"हिचं गाडी बंद असली तरी वाजत्यात," दुसरी म्हणाली.

"तात्या, पाय काढा." थरथर थांबली. "द्या परत." परत सुरू.

इथं अर्धं काम झालं. चाकात दोष असता तर गाडी त्याच वेगात असताना नुसता पाय काढून थरथर गेली नसती. म्हणजे दोष ताकद ज्या वाटेनं जाते त्या वाटेवर होता.

"सगळ्या जणी उतरा जरा. किटल्या पण उतरवा."

"सर, आमचा पेपर हाय!" ही तात्यांची थोरली, सुनीता.

"पाच मिनिटं. तुझ्या पेपरासाठीच चाललंय."

त्याच रस्त्यावर रिकामी गाडी पळवली. गप्प. सगळ्यांना बसवून पळवली. झणझण. ओझं आणि रेस दोन्ही एकत्र असतील तरच थरथर होती. आणि आम्ही ओझं कधी बघितलंच नव्हतं.

मी गाडीखाली शिरलो. मागच्या चाकांचा अ‍ॅक्सल पाट्यांना बांधलेला असतो. पाटे म्हणजे एकावर एक पोलादी पट्ट्या ठेवून केलेली स्प्रिंग. या जीपला वरचे पाटे आणि खालचा अ‍ॅक्सल यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एकेक पातळ पाचर होती. अ‍ॅक्सल किती तिरका राहावा हे ती ठरवते. रेस दिली की अ‍ॅक्सलचं नाक, म्हणजे शाफ्ट जिथं जोडलेला असतो ते पुढचं टोक, वर उचलतं, आणि गाडी भरलेली असेल तर जोर जास्त लागतो, म्हणून जास्त उचलतं. शाफ्टचा सांधा ठरावीक कोनाच्या पुढं वळला की झटके देत फिरतो. पाचरीची जाड बाजू पुढं असेल तर नाक खाली राहतं. मी बोट फिरवून बघितलं. दोन्ही पाचरींची जाड बाजू मागं होती.

"तात्या, पाटे कुणी खोलले होते?"

"गाडी मागनं बसली हुती म्हणून दिवाळीनंतर लोहाराकडनं ठोकून घेतलं. बसवलं मीच."

"पाचरी उलट्या बसल्यात."

"आरं तिच्या! म्या म्हणलं, लोड मागं असतो, तर जाड बाजू मागं पायजे. टेकू नको का?"

विचार सरळ होता. फक्त गाडीला मान्य नव्हता.

पोरींना बेतानं रेस देत वेळेवर इंदापूरला पोचवलं आणि जीप तशीच बारामतीला आणली. तात्या सवयीनं बाकांचे बोल्ट सोडायला लागले.

"हात लावू नका!" मी ओरडलो.

पाचरी फिरवल्या, यू-बोल्ट कसले. मग अख्खं वर्कशॉप मागं बसवलं, वॉशिंगवाल्यासकट. गायकवाड साहेब बाकाच्या टोकाला. भिगवण रोडला तात्यांनी तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. पत्रा गप्प. तात्यांनी पाय काढला, परत दाबला, परत काढला. आमच्याकडे वळून बघितलं आणि कितीतरी वेळ तसेच हसत राहिले.

"पुढं बघा, तात्या, पुढं," साहेब म्हणाले.

सोमवारी संध्याकाळी तात्यांचा फोन आला. "सगळ्या बसल्या. एकीची आई बी बसली, खरं का खोटं बघायला. इंदापुरात बाजार करूनच माघारी आली."

त्या वर्षी सुनीता बारावी झाली, मग तिथंच बी.ए.ला गेली. माझ्या नोकरीत मी पुष्कळ मोठी इंजिनं खोलली, पण समाधान विचाराल तर त्या दोन पाचरींचं.

मी साहेबांकडून परवानगी घेऊन दारात बोर्ड लावला: 'गाडी रोज जशी वापरता, तशीच घेऊन या.' पुढच्याच आठवड्यात सुप्याचे एक गृहस्थ आले. गाडीत कांद्याची पोती, दोन शेळ्या आणि त्यांचे सासरे. तक्रार काय, तर हॉर्न वाजत नाही.

हॉर्न तपासायला ओझं लागत नाही, हे बोर्डावर लिहायचं राहून गेलं होतं.