आग्नेटेची खिडकी

अट सव्वीस: उत्तरेच्या भिंतीला खिडकी नको, ऊब जाते.

होल्गरने आपल्या नव्या घरासाठी अशा अठ्ठावन्न अटी टाइप करून दिल्या होत्या. जहाजावर इंजिनिअर म्हणून उभा जन्म काढलेला माणूस. छपराचा उतार, दारांची रुंदी, कपाटांची खोली, सगळं त्यानेच ठरवलेलं. एस्बेनने रेघा तेवढ्या ओढल्या. नऊ वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली जिने आणि न्हाणीघरं काढल्यावर आर्किटेक्ट म्हणून त्याने स्वतः काढलेलं हे पहिलं घर होतं.

खाडी उत्तरेलाच होती. होल्गरची बायको आग्नेटे सगळ्यात मिळून एकदाच बोलली होती, "भांडी घासताना पाणी दिसलं तर बरं." एस्बेनने खिडकी काढली. होल्गरने कागदावर बोट ठेवलं.

"सव्वीस वाच."

एस्बेनने खिडकी खोडली. आग्नेटेला सांगायचं राहून गेलं. म्हणजे त्याने राहू दिलं.

वासे चढले त्या दिवशी रिवाजाप्रमाणे होल्गरने सुतारांना बिअर आणि सॉसेज दिले. आढ्याला हिरव्या पानांचं कडं लटकलं. भिंती अजून नव्हत्या, नुसते खांब. वारा आरपार जात होता.

"घर कसलं, इंजिनखोली आहे ही," मुख्य सुतार लाउस्ट सॉसेज चावत म्हणाला. "आणि बाहेरच्या पाटीवर तुझं नाव कसं नाही रे?"

"पाटी लहान होती."

"खोका एवढा मोठा, आणि पाटी लहान."

सुतार हसले. एस्बेनही हसला. नाव घालू नका, असं त्यानेच कळवलं होतं.

आग्नेटे स्वयंपाकघराच्या जागी उभी होती. दोन खांबांमधून खाडी दिसत होती. तिने एस्बेनचा हात धरला.

"ठेवलीस की खिडकी. मला वाटलं, ह्यांच्यापुढे तुझं काही चालायचं नाही."

लाउस्टचं चावणं थांबलं. सोमवारी तिथे फळ्या ठोकायच्या होत्या.

एस्बेनचे कान तापले. "इथे भिंत आहे, आग्नेटे. खिडकी मीच खोडली. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही."

तिने हात सोडला.

"मग आजच बघून घेते," ती म्हणाली. बिअरचा रिकामा क्रेट ओढून पाण्याकडे तोंड करून बसली.

मागे होल्गरने बाटली उंचावली. नव्या घरासाठी तीनदा तीन हुर्रे ओरडायचे, आणि पहिला आवाज आर्किटेक्टचा, असा रिवाज. सगळे एस्बेनकडे बघत थांबले.

त्याने तोंड उघडलं. समोर आग्नेटेची पाठ दिसली, आणि त्याने ते मिटलं.