बाबांच्या नावावरचा माझा एक्स-रे

माझ्या वडिलांच्या ट्रंकेत सतरा वर्षं एक एक्स-रे होता. त्यावर त्यांचं नाव आहे आणि खाणीतला त्यांचा टोकन नंबर आहे. आतली छाती माझी आहे. ही चूक मी सुरुवातीलाच सांगतो, कारण मधे कुठेतरी सांगितली तर मी तिला सबबी जोडीन. तशा मी पुष्कळ जोडल्या आहेत.

कोलकात्यात बायपासजवळच्या एका हॉस्पिटलात, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, छातीच्या डॉक्टर मॅडमनी तो एक्स-रे उजेडाच्या पाटीवर लावला. शेजारी बाबांचा नवा लावला. नव्यात दोन्ही बाजूंना, वरच्या अंगाला, लिंबाएवढे पांढरे गोळे होते. जुन्यात काहीच नव्हतं.

"हा कितव्या वर्षी काढला?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"पचपन," बाबा म्हणाले. "तीस साल अंडरग्राउंड. देखिए मॅडम, एकदम काच."

"फारच तरुण छाती होती तुमची," मॅडम हसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, की तीस वर्षं धूळ खाऊनही इतका स्वच्छ फोटो असेल, तर हे गोळे नंतर आलेले आहेत. धुळीचा आजार असण्याची शक्यता कमी. आधी कॅन्सर नाही ना, ते बघावं लागेल.

मी मान हलवली. तिथे तोंड उघडायला हवं होतं.

मी बँकेत अधिकारी आहे. तीन वर्षांपूर्वी बदली होऊन इकडे आलो, शाखा खिदिरपूरला. आई गेल्यावर बाबांनाही घेऊन आलो. गेल्या पावसाळ्यापासून ते जिन्याच्या पहिल्या वळणावर थांबायला लागले. सत्त्याहत्तर वय, चालायचंच, असं मी म्हटलं. मग बायकोच्या लक्षात आलं की ते सकाळी तोंड धुतल्यावर बेसिन दोनदा घासतात. एक दिवस घासायचं राहिलं. बेसिनमध्ये काळी थुंकी होती, शाई सांडल्यासारखी.

बाबा चंद्रपूरकडच्या एका कोळशाच्या गावात ड्रिलर होते. भूमिगत खाणीत दगडाला भोकं पाडायची, मग त्यात बार भरून उडवायचे. गाव म्हणजे खाणीत उतरायचा एक शाफ्ट, एक भोंगा आणि एकसारख्या क्वार्टर्सच्या ओळी. आम्ही वणीकडचे, शेजारी तेलंगणाकडचे, पलीकडे छत्तीसगडचे, कोपऱ्यात बिहारकडचे. भोंगा झाला की सगळ्या भाषांमधल्या बायका एकदमच चुलीकडे वळायच्या. पांढरा सदरा दोरीवर वाळत घातला की करडा होऊन घरात यायचा, आणि कोणाला त्याचं काही वाटायचं नाही. आता ती खाण बंद आहे. अर्धी वस्ती ओपनकास्टच्या, म्हणजे वरून खोदायच्या खाणीच्या, खड्ड्यात गेली. आमची ओळ उभी आहे, पण दारं-खिडक्या लोकांनी काढून नेल्या.

रामय्याकाका आमच्या ओळीतले. त्यांचा आणि बाबांचा टोकन नंबर लागोपाठचा. पंचवीस वर्षं दोघं एकाच पिंजऱ्यातून, म्हणजे खाणीतल्या लिफ्टमधून, खाली गेले. पाच वर्षांतून एकदा कामगारांच्या छातीचा फोटो काढत. त्या वर्षी रामय्याकाकांना दवाखान्यातून चिठ्ठी आली, 'फोटो पुन्हा काढणे'. 'पुन्हा'चा अर्थ सगळ्या वस्तीला कळत होता. दुसऱ्या फोटोतही डाग निघाला आणि काकांना वरचं काम मिळालं. लॅम्प केबिनमध्ये बसायचं, खाली जाणाऱ्याचं टोकन घ्यायचं आणि त्याला डोक्याला लावायचा दिवा द्यायचा.

दोन महिन्यांनी तशीच चिठ्ठी आमच्या दारात आली. बाबा शिफ्टवर होते. मी चोवीस वर्षांचा होतो, बँकेची लेखी परीक्षा पास झालो होतो, मुलाखत यायची होती. नियम असा होता की बाप प्रकृतीमुळे कामाला नालायक ठरला तर मुलाला खाणीत लागता यायचं. बाबा जेवताना म्हणाले होते, "नोकरी घरातच राह्यली पाह्यजे." एवढंच म्हणाले होते. बाकीचं, म्हणजे त्यांच्या जागी मला खाली जावं लागणार हे, मी माझ्या मनाने पुरं केलं.

मी चिठ्ठी खिशात घातली आणि दवाखान्यात गेलो. फोटो काढणारा माणूस दुसऱ्या गावाहून आठवड्यातून दोन दिवस यायचा, कोणाला ओळखत नव्हता. त्याने नंबर विचारला, मी बाबांचा सांगितला. रजिस्टरात बाबांच्या नावाची सही केली. हनुवटी वर करून गार पत्र्याला छाती टेकवली. "श्वास भरो. रोको." मी श्वास रोखला.

फोटो स्वच्छ आला. पहिल्या वेळी हालचाल झाली असेल, असं डॉक्टरांनी ठरवलं. बाबांना फक्त 'फिट' एवढंच कळलं. ते आणखी पाच वर्षं, निवृत्तीपर्यंत, खाली जात राहिले. शेवटच्या दिवशी त्यांनी दवाखान्यातून तो फोटो मागून आणला. पुढे पाहुणा आला की खिडकीसमोर धरून दाखवायचे. मी त्या वेळी पाणी आणायला आत जायचो.

आता तपासण्यांचं सांगतो. थुंकी तीन दिवस दिली, टीबी नाही निघाला. मग पीएफटी, म्हणजे नळीत जीव खाऊन फुंकायचं आणि फुप्फुसात किती हवा मावते ते मोजायचं. अजून जोरात फुंका म्हणून तिथला माणूस बाबांच्या कानाशी बंगालीत ओरडत होता, "आरो जोरे दादू, आरो जोरे!" बाबा धापा टाकत मला म्हणाले, "याले म्हणा, तू फुक." मग एचआरसीटी, फुप्फुसाचे बारीक काप दाखवणारं स्कॅन. त्यात गोळ्यांभोवती धुळीच्या आजारात असतात तसे बारीक ठिपके दिसले, पण जुना फोटो मॅडमच्या डोक्यात पक्का बसला होता.

मग ब्रॉन्कोस्कोपी. नाकातून दुर्बिणीची नळी फुप्फुसात घालतात आणि आतून नमुना घेतात. त्या दिवशी दुपारी बाबांचा ऑक्सिजन खाली गेला. दोन दिवस मास्क लागला. मी वेटिंग हॉलमध्ये निळ्या खुर्चीवर बसून होतो. बाजूला बजबजहून आलेलं एक कुटुंब होतं. त्यांचा म्हातारा ज्यूट मिलमधला. त्याची सून प्रत्येक डॉक्टरला, नर्सला, अगदी लिफ्टवाल्यालाही सांगत होती की सासरे चाळीस वर्षं मिलमध्ये होते, तागाचा भुगा होता. लोक तिला कंटाळले होते. मी तिच्याकडे बघत होतो.

तुमच्या घरात कोणी खाणीत, दगडाच्या क्रशरवर, सिमेंटमध्ये काम केलेलं असेल तर त्या बाईसारखे वागा. विचारलं नाही तरी सांगा. किती वर्षं, कसली धूळ, कधी धुळीच्या कामातून हलवलं. कागद खोटा असेल तर तेही सांगा.

नमुन्यातून काही ठरलं नाही. पुढची पायरी सीटी गायडेड बायोप्सी, म्हणजे स्कॅनमध्ये बघत पाठीतून फुप्फुसात सुई घालून तुकडा काढायचा. मॅडम म्हणाल्या, अशा फुप्फुसातून हवा सुटू शकते, या वयात ते जिवावर बेतू शकतं, पण दुसरा मार्ग दिसत नाही. संमतीपत्र माझ्यासमोर आलं. तळाशी एक ओळ होती, की रुग्णाविषयीची सर्व माहिती मी खरी दिली आहे. खाली सहीची जागा.

मी पेन ठेवलं आणि मॅडमच्या केबिनचं दार ढकललं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग फक्त विचारलं, "हे ब्रॉन्कोस्कोपीच्या आधी माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

बायोप्सी रद्द झाली. त्या म्हणाल्या, मग हा बहुधा प्रोग्रेसिव्ह मॅसिव्ह फायब्रोसिस. कोळशाची आणि दगडाची धूळ फुप्फुसात साठून तिथे घट्ट गाठी होतात, काम सोडल्यावरही वाढतात. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू. गोळे तेवढेच राहिले तर सुईची गरज नाही. यावर औषध नाही, फक्त त्रास कमी करता येतो. उठताना म्हणाल्या, "वडिलांना हे तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही."

बाबा पलंगावर बसले होते. वॉर्डातली आया, जिला इथे सगळे आयामाशी म्हणतात, त्यांचे केस विंचरत होती. "दादू आज सुई नाही, मजा!" ती म्हणाली. ती गेल्यावर मी सांगितलं.

"मंग ते छाती कोनाची व्हय?"

"माझी."

त्यांनी फोटो मागितला. नेहमीसारखा खिडकीसमोर धरला. बघितला आणि म्हणाले, "म्या रामय्याले हासलो ना."

ते मला माहीत होतं. रोज सकाळी रामय्याकाकांच्या हातून दिवा घेताना बाबा त्यांना डिवचायचे, "पुसा दिवे, पुसा. बायकोले बी आणत जा मदतीले." काका एकदा म्हणाले होते, "भाऊ, तू पण परत फोटो काढ. मला खोकला ऐकू येतो तुझा." बाबांना वाटलं, हा जळतो. त्यांनी भर केबिनमध्ये त्याला भेकड म्हटलं. त्यानंतर पंचवीस वर्षांचा दोस्त दिवा टेबलावर ठेवायचा, हातात द्यायचा नाही.

घरी येताना टॅक्सीत मी म्हणालो, "बाबा, माफ करा. माझी मुलाखत होती, मला वाटलं तुम्ही मला..."

"कारनं नको सांगू. भ्या वाटते खाली जायाचं, येवढं म्हनता येत नव्हतं तुले? म्या काय तुले ढकलून पिंजऱ्यात बसवलं असतं?"

मला त्यांचं जेवतानाचं वाक्य आठवलं. मी ते काढलं नाही.

मग ते माझ्याशी बोलेनासे झाले. माझ्या बायकोशी बोलत, नातीशी बोलत. "इरा, तुह्या बापाले सांग पंखा कमी कर." इरा कोलकात्याच्या मराठीत ओरडायची, "बाबा, आजोबा म्हणते पंखा कमी करायचा!" मी दोन फुटांवर असायचो. घरी ऑक्सिजनचं यंत्र आलं. त्याची नळी मीच नीट करायचो आणि ते भिंतीकडे बघायचे. मी दोनदा पुन्हा माफी मागितली. दोन्ही वेळा आईचं नाव, घरची परिस्थिती, माझं वय असं काहीतरी मधे आलं. दोन्ही वेळा त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

मे महिन्यात दुसरं स्कॅन झालं. गोळे तेवढेच होते. कॅन्सर नाही, असं मॅडमनी सांगितलं. हेही सांगितलं की शेवटची पाच वर्षं खाली गेले नसते तर आजार कदाचित इतका वाढला नसता.

त्या संध्याकाळी बाबा तीन महिन्यांत पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले. "रामय्याले फोन लाव."

नंबर मिळवायला दोन दिवस लागले. काका अजून त्याच गावात मुलीकडे राहतात. मी स्पीकर लावला.

"कोण? भाऊ? जिंदा आहेस काय रे?"

"हाव. झाले काय तुहे दिवे पुसून?" बाबा म्हणाले आणि नाकातली नळी सरळ केली. "रामय्या, तुहा फोटो खरा होता. माहा खोटा होता. म्या तुले भेकड म्हटलं. चुकलं माहं."

पलीकडे काका खोकले. बाबाही खोकले. मग काका म्हणाले, "अरे, इतके साल झाले. रात्री उशी किती घेतो तू? मला तीन लागते."

"मले दोन."

"मग अजून जवान आहेस."

बाबा हसले. ते फोन ठेवतील असं वाटलं, पण त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. मी काकांना सगळं सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "मला कशाला सांगतो, पोरा? बाप बाजूला बसलाय ना?"

फोन ठेवला. मी बाबांच्या पलंगाजवळ खाली बसलो. त्यांचा हात वर येतो का ते बघितलं. नाही आला.

"बाबा, तुमच्या नावाने मी माझा फोटो काढून दिला. तुम्हाला वर येण्याची चिठ्ठी आली होती, ती मी लपवली. तुमची पाच वर्षं मी धुळीत घालवली आणि तुमचा दोस्त तोडला. चूक माझी आहे. मला माफ करा."

पुढचा 'कारण' हा शब्द तोंडाशी आला होता. तो मी गिळला.