नवरदेवाविना वरात

हा सॅक्सोफोन जरा कोपऱ्यात ठेवू द्या आणि चहा टाका बाप्पा. जन्मभर क्लॅरोनेट आणि सॅक्सोफोन फुंकला मी. किती गोड वाजवलं ते कोणाच्या ध्यानात नाही, पण अकोल्याची माझी फजिती सगळ्यांना पाठ! मग लोकांकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका ना.

इंग्रजांचं राज्य होतं. आम्ही अमरावतीचे माळी. घरची भाजीपाल्याची वाडी सोडून मी लग्नाच्या ब्यांडात शिरलो. वरातीत वाजवणं म्हणजे काय, ठाऊक आहे? वाजवायचं आणि चालायचं. मागे वळून बघायचं नाही. नवरदेव मागून येतोच, जाईल कुठे?

अकोल्याला साहेबांचा क्लब होता. तिथे नाचाला जाझ वाजे. तिथले फर्नांडिस मास्तर गोव्याचे. एका लग्नात त्यांनी मला ऐकलं आणि बोलावून घेतलं. क्लबाचा सॅक्सोफोन हाती दिला, शिकवलं. पिवळाधमक बाजा! मी तो धोतराच्या सोग्याने पुसत बसायचो. रविवारच्या नाचात साहेबांना पसंत पडलो तर नोकरी कायम आणि बाजा माझ्यापाशी. नाहीतर बाजा परत आणि मी पुन्हा वरातीपुढे. तो परत द्यावा लागेल या भीतीने मी रात्री उशाशी घेऊन झोपायचो.

मास्तरांनी बजावलं होतं, "मी मान हलवली की उठायचं आणि मनातलं वाजवायचं. डरना मत. डोळे मीट, साहेबांकडे बघूच नको."

झालं! रविवारची संध्याकाळ, अंगात काळा कोट, गळ्यात बो-टाय. मास्तरांनी मान हलवली. मी उठलो, डोळे मिटले, आणि काय सांगू तुम्हाला, असा सूर लागला, असा लागला की मी माझा उरलोच नाही. मन गेलं सुरात. पण पाय? पाय तर वरातीचे! ते निघाले.

तोंडाला वारा लागला, वाटलं पंखा असेल. पायाखाली खडी लागली. तेव्हा तरी शंका यायला हवी होती की नाही? पण मागून टाळ्या ऐकू येत होत्या. म्हटलं, साहेब लोक रंगले! आणखी जोर लावला.

डोळे उघडले तर समोर जठारपेठेचा रस्ता. मागे भाजी विकून घरी निघालेल्या बाया, डोक्यावर रिकाम्या टोपल्या, आणि दोन-चार टांगेवाले टाळ्या पिटत नाचतायत. एका म्हातारीने मला विचारलं, "कोनाची वरात हाय रे बाबू? नवरदेव कुठी हाय?"

शेजारच्या बाईने माझा काळा कोट न्याहाळला. "अवं बुढे, हाच तं नवरदेव हाय. ब्यांड परवडला नसन, म्हनून सोताच वाजवून राहिला बिचारा."

तेवढ्यात मागून क्लबाचा चपराशी धावत आला. "धरा त्याले! क्लबाचा बाजा घिऊन पयाला!"

घ्या! एका संध्याकाळी नवरदेवही झालो आणि चोरही.

चपराशाने दंडाला धरून परत नेलं. साहेब लोक व्हरांड्यात उभे. मी मान खाली घालून सॅक्सोफोन मास्तरांपुढे धरला. डोळ्यांत पाणी आलं हो, खोटं कशाला सांगू? मास्तरांनी हात पुढे केला नाही. मोठा साहेब हसून हसून खांबाला टेकला होता. तो काहीतरी बोलला आणि मास्तरांनी मला समजावलं, "साहेब म्हणतो, याला ठेवा. लेकिन बांधके ठेवा."

मास्तरांनी खरंच आपल्या गळ्यातला टाय सोडला आणि माझा डावा पाय खुर्चीला बांधला. क्लब होता तोवर प्रत्येक नाचाला ते आधी माझा पाय बांधायचे, मग सूर मिळवायचे. वर पुटपुटायचे, "चल नवरदेव, बैस."

साहेब गेले, क्लब गेला, मास्तरही गेले. तो टाय माझ्याकडे आहे, पण स्वतःचा पाय स्वतः बांधण्यात ती मजा नाही. फार आठवण येते त्यांची.

आता बायको काळजी घेते. मी सॅक्सोफोन हाती घेतला की ती उठते आणि बाहेरच्या दाराला कडी लावते.

आज विसरली.

म्हणूनच तर तुमच्या ओसरीवर बसलोय. चहा झाला की कोणीतरी मला घरी पोचवा बाप्पा, ती वाट बघत असेल.