आमच्याकडे पित्ताचं असतं

माझी लेक खेडला बँकेत काउंटरवर बसते. एका दुपारी तिचा फोन आला. आवाज असा की मी खवणीवरून उठलेच. म्हणाली, "आई, समोर गिऱ्हाईक उभं होतं नि मला त्याचं अर्धंच तोंड दिसत होतं गो. अर्धं गेलंच. कडेनं नुसतं चमचमत होतं. थोड्या वेळानं ते थांबलं नि मग डोकं जे धरलंय!"

"आता दिसतंय ना सगळं?"

"दिसतंय. पण उजेड नको वाटतो."

तुम्ही म्हणाल, डोकं दुखलं त्यात एवढं काय? पण थोड्याच दिवसांपूर्वी पावसच्या माझ्या चुलत नणंदेच्या डोक्यात गाठ निघाली होती, नि तिचीही सुरुवात नजरेपासूनच झालेली. हे मी लेकीला बोलले नाही, ती मला बोलली नाही, पण दोघींच्या मनात तेच. पुन्हा एकदा तसंच झालं नि माझा जीव काही थाऱ्यावर राहीना. आमटीत दोनदा मीठ पडायचं. अंगणात कशासाठी आले ते अंगणात आल्यावर आठवायचं नाही. खेडच्या डॉक्टरांनी सायनस सांगितला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबर सांगितला. चष्मा केला, वाफा घेतल्या, तरी चमचमणं परत आलंच. शेवटी मी तिला रत्नागिरीला बोलावून घेतलं. इथे कोल्हापूरचे मेंदूचे डॉक्टर ठरलेल्या दिवशी येतात.

डॉक्टर म्हणजे पोरगाच, पण प्रश्न किती! आधी दिसतं की आधी दुखतं? एका बाजूला की दोन्ही? उलटी होते का? जेवण चुकलं की होतं का? आमचे हे पोफळीच्या पॉवरहाऊसमधून निवृत्त झालेले. माझ्या कानाशी लागून म्हणतात, "हा नुसता बोलतोय. तपासणार कधी?" मग त्यानं तिला सरळ रेषेत चालवलं, बोट नाकाला लावायला सांगितलं, डोळ्यांत बॅटरी मारली. नि माझ्याकडे वळून विचारलं, "काकू, घरात कुणाला डोकेदुखी? तुम्हाला?"

"छे हो," मी म्हटलं. "आमच्याकडे ती भानगड नाही कुणाला." खरं तेच सांगत होते मी.

तो म्हणाला, "मला तरी मायग्रेनच वाटतंय, म्हणजे अर्धशिशी. पण नजरेचं हे नवीनच सुरू झालंय, घरातही कुणाला नाही. एकदा एमआरआय करून घेऊ, शंका नको."

बाहेर आल्यावर ह्यांचा पारा चढलेला. "वाटतंय म्हणजे काय? पोफळीला मशीन बंद पडल्यावर मी साहेबांना 'वाटतंय' म्हटलं असतं, तर साहेबांनी मला धरणात सोडलं असतं!" लेक हसली, मी नाही. त्या एका शब्दानं मला पोखरून काढलं.

एमआरआयच्या दिवशी नेमकी संकष्टी आली. मी गणपतीला सांगितलं, पोरीचं डोकं स्वच्छ निघू दे, आजपासून वर्षभर संकष्ट्या करीन, चंद्र बघेपर्यंत पाणीसुद्धा घेणार नाही. लेकीला आत नेलं. यंत्राचा ठोकाठोकीचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. मी बसते, उठते, पुन्हा बसते. ती बाहेर आली तेव्हा मी डोळे मिटून भिंतीला टेकले होते.

"आई, काय होतंय गो?"

"काही नाही. पित्त चढलंय. आधी ते कडेनं हलतं, मग डोकं. उपासाला व्हायचंच."

"कडेनं काय हलतं?"

"करवतीचे दाते असतात ना, तसं चमचमतं. वाढत वाढत बाजूला जातं. तुला नाही का माहीत, पित्ताचं असतं ते!"

तिनं माझ्या गुडघ्यावर बोटानं एक वाकडीतिकडी कमान काढली. "असं?"

तसंच होतं ते. दात्यांसकट.

रिपोर्ट चांगला आला. गाठबीठ काही नाही. मी तिथेच हात जोडले, पण हे म्हणाले, "फोटोत काहीच नाही, मग हिचं दुखतं काय?" डॉक्टर म्हणाला, "मायग्रेन फोटोत दिसत नाही, काका. बाकी काही नाही ना, एवढंच फोटो सांगतो. उरलेलं तुम्ही सांगाल ते." तेव्हा लेकीनं मला पुढे ढकललं. मी माझं पित्त सांगितलं.

"काकू! मी विचारलं होतं ना तुम्हाला?"

"तुम्ही डोकेदुखी विचारलीत. आमच्याकडे पित्ताचं असतं. माझ्या आईलाही होतं. अंधाऱ्या खोलीत पडायचं, उलटी झाली की उतरतं."

तो कपाळाला हात लावून हसला. म्हणाला, "आता मात्र 'वाटतंय' म्हणत नाही." मग लेकीला रोजची गोळी दिली. ती घेऊन पोरगी काउंटरवर पेंगायला लागली, म्हणून बदलली. दुसरीनं दुखणं कमी झालंय, गेलेलं नाही. दुखण्यावरची गोळी ऊठसूट घ्यायची नाही, त्यानंच डोकं जास्त धरतं, हेही बजावलं. नि आम्हा दोघींना सांगितलं, उपाशी राहायचं नाही. पाण्याशिवाय तर नाहीच.

झाली पंचाईत! ज्याच्यासाठी नवस बोलले ते झालं, नि नवस फेडायचा कसा? लेक फोनवर म्हणाली, "मी करते." म्हटलं, "तुझं डोकं वाचावं म्हणून बोलले नि तूच उपाशी राहणार?" पुढची संकष्टी जवळ यायला लागली तशी मी घरभर फिरायला लागले. शेवटी हे म्हणाले, "एका जागी बस बघू. मी करतो."

जन्मात उपास न केलेला माणूस! संकष्टीला दुपारी मी पानावर बसले. गणपतीला हे चालेल की नाही, देव जाणे. हे झोपाळ्यावर बसून विचारत होते, "आज चंद्र लवकर नाही का उगवत?"

मी विचारलं, "अहो, डोकं दुखायला लागलं का?"

"डोकं कशाला दुखेल?"

"उपाशी आहात ना. काय होतंय मग?"

"भूक लागलीय," हे म्हणाले. "दुसरं काय होणार?"

मी हातातला घास तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिले. भूक लागली की नुसती भूकच लागते?