गेल्यानंतरची हुकमत

फ्रीगंजमध्ये टावर चौकाजवळ एका दुकानाच्या वर इंग्लिश स्पीकिंगचा क्लास होता. बाहेरच्या कंपन्या देशात यायला लागल्या आणि उज्जैनमध्ये जो तो इंग्रजी बोलायला निघाला. त्यात मीही. माझं नाव आत्यानेच घातलं होतं. एकदा सरांनी फळ्यावर ‘गव्हर्न’ लिहिलं आणि विचारलं, “बताओ, उज्जैन को कौन गव्हर्न करता है?” मागून एक जण ओरडला, “महाकाल!” सर हसले नाहीत. म्हणाले, “बिलकुल सही.” मग समजावलं, की रूल करायला गादी लागते, गव्हर्न करायला काही लागत नाही, समोर दिसावंसुद्धा लागत नाही. ज्याच्या मर्जीशिवाय पान हलत नाही, तो गव्हर्न करतो. प्रत्येकाने एक वाक्य करायचं होतं. मी म्हटलं, माझी आत्या आमचं घर गव्हर्न करते. सगळे खो खो हसले. हसू देत मेले, खोटं काय होतं त्यात?

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतली आणि माझी आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. माधवनगरच्या आमच्या घरात भाजी कुठली, पंखा किती जोरात, बाबांनी बँकेत कुठला शर्ट घालायचा, सगळं तिच्या हुकमाने. बाबा तिच्यापुढे अगदी गरीब गाय. तिला उलट बोलणारी मी एकटीच. मला पुण्याच्या कंपनीतून नोकरीचं बोलावणं आलं तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. मला जवळ बसवून म्हणाली, “जा पोरी. इथे माझ्यासारखी चूल फुंकत बसू नकोस.” त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

दहाव्याला रामघाटावर बायका जात नसत, मी हट्टाने गेले. बाबांनी पिंड ठेवले आणि कावळा काही शिवेना. समोर झाडावर चांगले चार-पाच बसले होते, एकही खाली येईना. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, असं आमच्यात मानतात, आणि मग घरचे एकेक वचन देत जातात. कुणी म्हणालं, तुझी तुळस सांभाळू. कुणी म्हणालं, वर्षश्राद्ध नीट करू. कावळे ढिम्म. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. काय बोलायला हवं ते मला पक्कं ठाऊक होतं: आत्या, मी पुण्याला जाते. मी तोंड उघडणार, इतक्यात बाबा हात जोडून पुढे झाले आणि मोठ्याने म्हणाले, “ताई, पोरगी कुठे जाणार नाही. घरातच राहील. तू निश्चिंत जा.”

आणि कावळा आला. सरळ येऊन शिवला.

“सुटली बाई,” म्हणत सगळे नमस्कार करत होते आणि मी थिजून उभी. जिने मला जा म्हटलं, तीच मेल्यावर नको म्हणते? घरी आल्यावर तिच्या खोलीत पाऊल टाकवेना. पंखा वाढवायला गेलेला हात मी आपोआप मागे घ्यायची. दिसावं लागत नाही, हे सरांचं म्हणणं मला तेव्हा नको इतकं कळलं. खरं सांगते, मला तिची भीती वाटायची आणि तिचा भयंकर रागही यायचा.

पुण्याला कळवायची वेळ आली तेव्हा मला राहवेना. बाबा जेवत होते. मी म्हटलं, “बाबा, आत्या मला जा म्हणाली होती. स्वतःच्या तोंडाने.”

“ठाऊक आहे,” बाबा म्हणाले. “पोरीला अडवू नकोस म्हणून मलाही सांगून गेली.”

“मग घाटावर तसं का बोललात?”

भात कालवत ते म्हणाले, “ती गेली, आता तू. या घरात मी एकटा काय करू गं? मनात तेवढंच होतं, तेच निघून गेलं तोंडातून. मला वाटलं, कावळा येणारच नाही.”

“पण आला.”

“आला ना,” म्हणाले, आणि माझ्यासमोर लहान मुलासारखे रडायला लागले.

ते ‘जा’ म्हणाले असते तर मी गेलेही असते. पण ते तसं म्हणाले नाहीत. एसटीडी बूथवर जाऊन मीच पुण्याला नकार कळवला. पुढे कितीतरी वर्षं घरी येणारे-जाणारे माझं कौतुक करायचे, की पोरीने आत्याची शेवटची इच्छा राखली. बाबा तिथेच खुर्चीत मान खाली घालून ऐकत बसायचे, आणि मी चहा ठेवायला आत जायची.