धारेला बसणारा मालक

आकारामला श्रीमंत व्हायचं होतं आणि हे चारचौघांत सांगायला तो अजिबात लाजत नसे. कोल्हापुरात कट्ट्यावर म्हशी उभ्या राहतात, गिऱ्हाईक पेला घेऊन थांबतं आणि डोळ्यांदेखत काढलेलं कोमट, फेसाळ दूध तिथंच पिऊन मिशा पुसतं. त्या कट्ट्यावर आकारामच्या हरणी म्हशीचं दूध एक नंबर. पण गोठा भाड्याचा. त्या गोठ्याचे मालक तवनाप्पा यांनी स्वतः तिथं उभी हयात म्हशी राखल्या होत्या. गुडघे गेले तसा त्यांनी गोठा विकायला काढला. आकारामला त्यांनी पाडव्यापर्यंत मुदत दिली. तिकडं एक एजंट गाळे बांधायला टपून बसला होता. गोठा गेला तर हरणीला शहरात उभं करायला जागा नव्हती, आणि हरणीवाचून आकारामचा धंदा कसला?

तेव्हा त्याच्या बायकोनं, संयोगितानं, त्याला राजारामपुरीतल्या एका क्लासला घातलं. तिथं अभिनंदन सर श्रीमंतीचे नियम शिकवत. सर भामटे नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं. त्यांचा पहिला नियम होता, आलेल्या पैशातून आधी आपला वाटा बाजूला काढायचा आणि मग खर्च करायचा. आकाराम म्हणजे कुणी हाक मारली की खिसा मोकळा करणारा गडी. मटणाचा बेत कुणाचाही असो, बिल ह्याचंच. त्यानं हा नियम हट्टानं पाळला. दोस्त रुसले, पण पतसंस्थेतला जो साहेब कधी वर बघत नसे तो त्याला खुर्ची द्यायला लागला. कर्ज मंजूर झालं ते ह्या शिलकीच्या जोरावर.

दुसरा नियम, आपली इच्छा रोज सकाळी आरशासमोर मोठ्यानं बोलायची. गोठ्यात आरसा कुठला? आकाराम हरणीलाच सांगायचा, "हरणे, ह्यो गोठा आपला हाय!" गल्ली पोट धरून हसली. हसू दे. रोज बोलून बोलून त्याची जीभ धीट झाली आणि तवनाप्पांसमोर किंमत ठरवताना एकदासुद्धा अडखळली नाही.

तिसऱ्या नियमानं मात्र घात केला. सर म्हणाले, "मालकावाचून जो चालत नाही तो धंदा नव्हे, नोकरी!" आकारामला हे इतकं पटलं की त्यानं शाहूवाडीकडचा बाळासो नावाचा गडी धारेला ठेवला आणि स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून राजारामपुरीतल्या हॉटेलांत दुधाची गिऱ्हाइकं शोधत हिंडू लागला. बाळासोचा हात चांगला होता. पण हरणीला ते कोण सांगणार? त्यानं खायला आंबोण ठेवलं, रेडकू लावलं, पाठ थोपटली, तरी ती पान्हा सोडेना. मान वेळावून रस्त्याकडं बघत राहिली. गिऱ्हाइकं रिकामे पेले घेऊन ताटकळली आणि शेजारच्या म्हशीकडं वळली. असे काही दिवस गेले आणि हरणीचं दूध आटायला लागलं.

कट्ट्यावरचा एक जण आकारामच्या कानाशी लागला. "पान्ह्याची सुई टोच की. घटकेत पान्हा सोडती. कुणाला कळतंय?"

आकारामच्या डोळ्यांसमोर गोठा आला, एजंट आला. क्षणभर मन डळमळलं, हे खोटं कशाला म्हणा. मग त्याला स्वतःचाच राग आला. "लोक तोंडासमोर काढल्यालं दूध पित्यात ते आमच्यावर भरवसा ठिऊन," तो कट्टाभर ऐकू जाईल असा ओरडला. "सुई टोचायची तर म्हस कशाला पाळायची?"

शर्ट काढून त्यानं खुंटीला अडकवला आणि तो धारेला बसला. बाळासो खाली मान घालून उभा होता. "तू गप उभा राहू नगंस," आकाराम म्हणाला. "तुला ग्वाड बोलाय येतंय. उद्यापास्नं हाटेलं तू बघायचीस." मग मालक म्हशीखाली आणि गडी इस्त्रीच्या शर्टात, असा उलटा कारभार सुरू झाला आणि तो झकास चालला. अभिनंदन सरांना हे कळलं तेव्हा त्यांनी थोडा विचार केला आणि तिसरा नियम सरसकट सगळ्यांना सांगायचा नाही असं ठरवलं. आकारामनं पहिला नियम मात्र सोडला नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी खरेदीपत्र करायचं ठरलं. मुदतीतला तो कचेरीचा शेवटचा दिवस. आकाराम दुपारीच जाऊन बसला. समोर तवनाप्पा आणि बाहेर मोटारसायकलवर रेललेला एजंट. नंबर काही लागेना. ऊन उतरलं, धारेची वेळ झाली. आकारामची चुळबुळ सुरू झाली. आयुष्याचं काम इथं होतं आणि हरणी तिकडं कास भरून उभी होती. दुसऱ्या कुणाला ती हात लावू देणार नव्हती.

तो उठला. "आण्णा, मी जातो. म्हस तटली असंल."

"मुदत संपली की मग मी बांधलेला न्हाय," तवनाप्पा शांतपणे म्हणाले. "आन् त्यो भाईर बसलाय, बघिटलास न्हवं?"

"बघिटलं. गोठा ऱ्हायला तर तुमची किरपा. पर तिला कळा सोसाय लावून गोठा घिऊन मी काय करू?"

एवढं बोलून तो निघाला. वाटेत त्याला रडू आलं, ते त्यानं बाहीनं पुसलं. हरणी त्याला बघून हंबरली. तो खाली बसला, कासेला पाणी लावलं आणि धारा चरवीत वाजू लागल्या. आता गोठा गेला, हे त्यानं मनाशी धरलं होतं.

गिऱ्हाइकांच्या गर्दीतून एक पेला पुढं आला. त्यानं वर बघितलं, तर रिक्षातून उतरून, काठी टेकत आलेले तवनाप्पा. त्यांनी दूध उभ्या उभ्या संपवलं, मिशीचा फेस पुसला.

"त्या एजंटाला म्या घरला लावून दिलंय," ते म्हणाले. "सण झाला की कचेरीत ये. सकाळची धार काढून ये म्हंजे झालं. नंबर मी धरून बसतो."